वातदीप्ती व उच्च वातावरणातील तरंग

उच्च वातावरणातील अणुरेणूंकडून सतत उत्सर्जित होणाऱ्या अतिमंद प्रकाशास वातदीप्ती म्हणतात. सूर्याच्या जंबुपार प्रारणाने (तरंगरूपी ऊर्जेने) दिवसा ऑक्सिजनाच्या रेणूंचे विघटन होते व त्यात साठलेली ऊर्जा रात्री रासायनिक विक्रियांवाटे प्रकाशरूपाने बाहेर पडते. ध्रुवीय प्रकाश मुख्यत्वे ध्रुवीय प्रदेशांत दिसतो. वातदीप्ती मात्र सर्व अक्षांशांवर आढळते. वातावरणातील तरंग या दीप्तिस्तरांतून जाताना तेथील घनता व तापमान बदलतात आणि त्यांमुळे दीप्तीची तीव्रताही कमीजास्त होते. म्हणून हे स्तर तरंग दाखविणाऱ्या नैसर्गिक पडद्यांसारखे उपयोगी पडतात. सु. ९० किमी. उंचीवर फुगे पोहोचू शकत नाहीत, उपग्रह तेथे टिकत नाहीत आणि रॉकेटे काही मिनिटांतच तो भाग ओलांडतात. यामुळे या पद्धतीस विशेष महत्त्व आहे.

दीप्तिस्तर : ध्रुवीय प्रकाशातील हिरवी वर्णरेषा इतर वेळीही आकाशात दिसते, हे अँगस्ट्रॉम यांना १८६८ मध्ये आढळले. ती आणवीय ऑक्सिजनाची असल्याचे मक्लेनन व श्रम यांनी १९२५ मध्ये दाखविले. ही रेषा (५५७·७ नॅनोमीटर) मुख्यतः सु. ९६ किमी. उंचीवरून येते. हायड्रॉक्सिलाचे अवरक्त पट्ट (माइनेल, १९५०) सु. ८७ किमी., सोडियमाचा पिवळा प्रकाश सु. ९० किमी. आणि ऑक्सिजनाची तांबडी रेषा (६३०·० नॅनोमीटर) सु. २५० किमी. उंचीवरून येते.

तरंगांचे प्रकार : डोंगरांवरून वाहणारे वारे, गडगडाटी वादळे इत्यादींमुळे खालच्या वातावरणात गुरुत्व तरंग निर्माण होतात. उत्प्लावक बल व गुरुत्व यांमुळे हवेत होणारी ही आंदोलने असून विश्वातील गुरुत्वाकर्षणी तरंगांशी त्यांचा संबंध नाही. त्यांची क्षितिजसमांतर तरंगलांबी काही किमी. पासून हजार किमी. पेक्षा अधिक, तर आवर्तकाल सु. पाच मिनिटांपासून कित्येक तासांपर्यंत असतो. याहून मोठे तरंग म्हणजे सूर्याच्या उष्णतेमुळे निर्माण होणारे, २४, १२ व ८ तास आवर्तकालांचे वेलातरंग आणि दोन ते सोळा दिवस आवर्तकालांचे ग्रहीय तरंग होत. वर जाताना हवा विरळ होत असल्याने तरंगाचा परमप्रसर वाढत जातो. जमिनीलगत नगण्य असलेले आंदोलन ९० किमी. उंचीवर प्रबळ बनते. हाइन्झ यांनी १९६० मध्ये या उंचीवरील अनियमित वाऱ्यांचे स्पष्टीकरण गुरुत्व तरंगांच्या आधारे मांडले.

निरीक्षणपद्धती : पीटरसन व कीफेबर यांनी १९७३ मध्ये हायड्रॉक्सिल दीप्तीतील तरंगाकार पट्टे अवरक्त छायाचित्रांत टिपले. पुढे संपूर्ण आकाश एकाच चित्रात घेणारे भिंग, ठराविक तरंगलांबीचा फिल्टर व थंड ठेवलेला संवेदक असलेले कॅमेरे प्रचारात आले. लागोपाठच्या चित्रांवरून तरंगलांबी, वेग व दिशा काढतात. हायड्रॉक्सिलाच्या वर्णरेषांच्या तीव्रतांच्या गुणोत्तरावरून तापमान, तर डॉप्लर परिणामावरून वाऱ्याचा वेग मिळतो. ऊर्जा वर जात असताना गुरुत्व तरंगाचे शीर्ष खाली सरकते. त्यामुळे ते आधी वरच्या व नंतर खालच्या स्तरात दिसते. कोल्हापूरजवळील पन्हाळा येथूनही भारतीय भूचुंबकत्व संस्थेने हिरव्या रेषेच्या व हायड्रॉक्सिलाच्या दीप्तीतील तरंगांची चित्रे घेतली आहेत.

या पद्धतीस मर्यादा आहेत. जमिनीवरून निरीक्षण करण्यास निरभ्र व चंद्रप्रकाश नसलेली रात्र लागते. दीप्तिस्तर कित्येक किमी. जाड असल्याने त्याहून आखूड उभ्या तरंगलांबीचे तरंग पुसले जातात. हजारो किमी. लांबीचा तरंग एका ठिकाणाहून पूर्ण दिसत नाही. त्यासाठी दूरदूरच्या केंद्रांची निरीक्षणे एकत्र करावी लागतात किंवा उपग्रह वापरावे लागतात. १९९१ मध्ये सोडलेल्या यूएआरएस उपग्रहावरील उपकरणाने वातदीप्तीच्या साहाय्याने वेलातरंगांचे वारे मोजले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे पाठविलेले एडब्ल्यूई हे उपकरण हायड्रॉक्सिल दीप्तीतील गुरुत्व तरंगांच्या नोंदीसाठी बनविलेले होते.

महत्त्व : ध्रुवीय प्रदेशात सु. ८५ ते ९० किमी. उंचीवरील हवा, सतत ऊन असूनही, उन्हाळ्यात हिवाळ्यापेक्षा थंड असते. तापमान उणे १३० से. पेक्षाही खाली जाते. गुरुत्व तरंग फुटून आपला संवेग वाऱ्यांना देतात, त्यामुळे उन्हाळी ध्रुवावर हवा वर चढून प्रसरण पावते व थंड होते, असे याचे स्पष्टीकरण आहे.

इमेज उपग्रहाने २००२ मध्ये टिपलेल्या आयनांबराच्या जंबुपार दीप्तीत विषुववृत्तीय पट्ट्यालगत, रेखांशांनुसार, चार तेजस्वी भाग आढळले. इमेल व त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये त्यांचा संबंध उष्ण कटिबंधातील पर्जन्यमेघांतून मुक्त होणाऱ्या उष्णतेने निर्माण झालेल्या वेलातरंगांशी जोडला. ११ मार्च २०११ रोजी जपानजवळील भूकंपाने उद्‌भवलेल्या त्सुनामीचे हवेतील तरंग हवाई बेटांवरील कॅमेऱ्याने तांबड्या दीप्तीत टिपले. त्यांपैकी काही तरंग समुद्रातील लाटेच्याही पुढे होते. जमीन व समुद्र यांवरील घडामोडींचा परिणाम आयनांबरापर्यंत पोहोचतो, हे अशा निरीक्षणांवरून स्पष्ट होते. आयनांबरातून जाणाऱ्या रेडिओ संदेशांवर तेथील अनियमिततांचा परिणाम होत असल्याने दळणवळण व स्थाननिश्चिती यांच्या दृष्टीनेही हा अभ्यास उपयुक्त ठरतो.