हेल्मेटच्या आधी टेकू बघा. पुण्याच्या दोन दुर्घटना काय सांगतात?

पुणे : 29 जुलै 2016. बालेवाडीत उंच इमारतीवर स्लॅबचं काम सुरू असताना तो कोसळला, 9 कामगार गेले. 3 फेब्रुवारी 2022 च्या रात्री येरवड्यातल्या शास्त्रीनगरमध्ये सळयांची जाळी कोसळली, त्याखाली 5 कामगार दगावले. ते बिहारहून पोटासाठी आलेले होते. दोन्हीकडे कुणाचा पाय घसरला नव्हता. काम चालू होतं तेच खाली आलं. तिथं हेल्मेट किती पुरणार?

स्लॅबचं वजन साध्या हिशोबात बघू. दहा बाय दहाच्या खोलीचा पाच इंची स्लॅब म्हणजे जवळपास तीन टन ओलं काँक्रीट, दोन भरलेल्या पिकअपचा माल. ओल्या काँक्रीटला स्वतःची ताकद नसते, सगळा भार सेंट्रिंगच्या टेकूंवर. भुसभुशीत मातीवर नुसती फळी टाकून लावलेला एक टेकू पावसात खचला की त्याचा भार शेजारच्यावर जातो, मग तोही जातो. दोन थरांच्या जाळीचंही तसंच. वरची जाळी मधल्या सळईच्या घोड्यांवर उभी असते. घोडे कमी, बांधणी ढिली, आणि वर माणसं चढली की जाळी एका बाजूला कलते.

हे आधी कुणाला दिसतं? इंजिनिअरच्या आधी फिटरला आणि सेंट्रिंगवाल्याला. पण रोजंदारीवरचा माणूस बोलत नाही. बोलला तर ‘जमत नसेल तर उद्यापासून येऊ नको’ हे ऐकायची भीती असते. खरी अडचण इथं आहे. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ होते, फोटो निघतात. पण ‘स्लॅब थांबवा’ म्हणणाऱ्याचा त्या दिवसाचा पगार कापला जातो की नाही, यावरूनच त्या साइटची सुरक्षा कळते.

कायदा कामगाराच्या बाजूने आहे. केंद्राच्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार, जिवाला धोका वाटला तर कामगार मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवू शकतो.

चांगल्या साइटवर काम सुरू होण्याआधी मुकादम दहा मिनिटं सगळ्यांना गोळा करतो, कालची थोडक्यात टळलेली घटना सांगतो, आणि ज्याला मराठी येत नाही त्याला हिंदीत परत सांगतो. स्लॅबच्या दिवशी खाली टेकूंवर लक्ष ठेवायला एक माणूस वेगळा ठेवतात. त्याच्या एका हाकेवर पंप बंद होतो.

गावाकडून पुण्यात बांधकामावर जाणाऱ्यांनी आणखी एक काम करावं. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला घेऊन बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी आणि तिचं दरवर्षी नूतनीकरण करावं. वय 18 ते 60 लागतं.