राजापूर की दाभोळ?

कामगाराच्या वर्षात स्वतःच्या मर्जीने खर्च करण्याजोगे दिवस फार थोडे असतात. १ मे हा त्यांतला एक. महाराष्ट्रात तो पगारी सुट्टीचा दिवस आहे. निदान कायद्यात तरी आहे. रोजावर जाणाऱ्या बाईला किंवा बंदरावरच्या हमालाला त्या दिवसाचा पगार पुष्कळदा भांडून घ्यावा लागतो, पण तो विषय निराळा. हा दिवस कोठे घालवावा हा प्रश्न ज्यांना क्षुल्लक वाटतो, त्यांनी त्याच्यासाठी बारा महिने वाट पाहिलेली नसते. सकाळी रत्नागिरीहून निघावे, इतिहासात गाजलेले एखादे जुने गाव मुलाबाळांसह पाहावे आणि रात्री घरी येऊन जेवावे, एवढीच अपेक्षा. रायगड लांब पडतो. कोल्हापूरला घाट चढून जावे, तर सुट्टीच्या दिवशी निम्मा वेळ रांगेत जातो. राहता राहिली आपल्याच जिल्ह्यातली दोन नावे: दक्षिणेस राजापूर आणि उत्तरेस दाभोळ. दोन्ही बंदरे, दोन्ही एके काळी रत्नागिरीहून मोठी, आणि दोन्ही आज आपला जुना व्यापार गमावून बसलेली. एका दिवसात दोन्ही होत नाहीत.

असा पेच आपल्यालाच पडतो असे नाही. बेल्जियम देशात ब्रूज आणि गेंट अशी दोन जुनी शहरे आहेत. एकापासून दुसरे आगगाडीने सुमारे अर्ध्या तासावर. हाती एकच दिवस असलेला प्रवासी तेथेही असाच अडतो. ब्रूजला समुद्राशी जोडणारी खाडी पंधराव्या शतकापासून गाळाने भरत गेली, व्यापार अँटवर्पला गेला आणि गाव गरीब झाले. गरीब झाले म्हणून जुनी घरे पाडून नवी बांधण्याची ऐपत उरली नाही. आणि त्याच जुन्या घरांसाठी आज जग तेथे लोटते. गेंटचे तसे झाले नाही. तेथे एकोणिसाव्या शतकात कापसाच्या गिरण्या आल्या, धूर आला, दाटीवाटीच्या वस्त्या आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ कामगारांच्या सहकारी भाकरभट्ट्या आणि संघटनाही आल्या. बेकार झालेल्या कामगाराला त्याची संघटना जे साहाय्य देई त्यात नगरपालिकेने भर घालायची, ही पद्धत १९०१ साली त्या शहराने सुरू केली, आणि ती आजही गेंटच्या नावानेच ओळखली जाते. तेव्हा आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही गेंटचे तिकीट काढू. परंतु गाळाने बंदर मरते म्हणजे नेमके काय होते, हे पाहण्यास बेल्जियमला जाण्याची गरज नाही. राजापूर जवळ आहे.

आधी दाभोळ. वाशिष्ठी नदी जेथे समुद्राला मिळते तेथे उत्तर तीरावर हे गाव आहे. बहमनी राज्याचे आणि पुढे विजापूरकरांचे हे मोठे बंदर. अरबस्तानातून आलेले घोडे येथे उतरत आणि घाटमाथ्यावर जात. घाटावरचे कापड येथून बाहेर पडे. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी घोडा विकण्याच्या खटाटोपात हिंदुस्थानात भटकला, तो परतताना दाभोळहूनच जहाजावर चढला. १५०८ सालच्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय आल्मेदा याने हे गाव जाळले आणि बायकामुलांसकट कत्तल केली. त्याचा मुलगा त्याच वर्षी चौलच्या लढाईत मारला गेला होता. त्याचा सूड दाभोळवर निघाला. चौलच्या लढाईशी दाभोळच्या हमालाचा आणि विणकराचा काय संबंध होता, हे इतिहासकारांनी फारसे विचारलेले नाही.

त्यानंतर गाव पुन्हा उभे राहिले. किनाऱ्याजवळची दगडी मशीद सतराव्या शतकाच्या मध्यावरची, घुमट आणि मिनार विजापूरच्या धाटणीचे. हजला निघालेल्या विजापूरच्या शाहजादीला पुढे जाता येईना, म्हणून तिने यात्रेचा पैसा या मशिदीत घातला, अशी कथा सांगतात. कथेचा खरेपणा कोणी ठरवावा? दगड घडविणारे हात मात्र नक्कीच होते, आणि त्यांचे काम चोख आहे. गावात चंडिकादेवीचे स्थान गुहेत आहे. आत समईच्या उजेडातच जावे लागते, आणि मुलांना त्याची फार मौज वाटते.

दाभोळचे नाव अलीकडे गाजले ते मात्र दाभोळमुळे नव्हे. एन्‌रॉनचा वीजप्रकल्प दाभोळच्या नावाने जगभर ओळखला गेला, पण तो उभा आहे खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. १९९० नंतरच्या दशकात वेलदूरच्या मच्छीमार बायकांनी त्याच्याविरुद्ध पोलिसांचा मार खाल्ला. २००१ साली प्रकल्प बंद पडला, त्याच वर्षाअखेर अमेरिकेतली मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि २००५ साली त्यासाठी नवी कंपनी स्थापन झाली. फेरीबोटीत बसून दक्षिणेकडे पाहिले म्हणजे हा सगळा धडा एका दृष्टीत येतो.

आता राजापूर. हे बंदर समुद्रावर नाही, हे पहिल्याने जाणाऱ्याला चमत्कारिक वाटते. जैतापूरच्या खाडीने वीस किलोमीटरहून अधिक आत आल्यावर, अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या काठी ते वसले आहे. भरतीचे पाणी जेथवर पोहोचते, तेथवर गलबत येते. त्याच ठिकाणी अणुस्कुरा घाटातून उतरलेले बैलांचे तांडे पोहोचत. समुद्राची शेवटची हद्द आणि सह्याद्रीची पहिली वाट जेथे भेटतात तेथे बाजार उभा राहिला. चाच्यांपासूनही जागा सुरक्षित. म्हणून १६४९-५० च्या सुमारास इंग्रजांनी मिरी आणि कापड यांच्या खरेदीसाठी येथे वखार घातली.

या वखारवाल्यांची गोष्ट आमच्या मुलांना शाळेत सांगतात, पण तिचे मर्म सांगत नाहीत. १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात असताना, राजापूरचा मुख्य इंग्रज रेव्हिंग्टन आपल्या माणसांसह तेथे गेला आणि इंग्रजी निशाण लावून गडावर तोफा डागू लागला. व्यापाऱ्याने तटस्थ राहावे, निदान तसे दाखवावे, हा रिवाज. तो त्यांनी उघड मोडला. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर घेतले, वखार उद्ध्वस्त केली आणि इंग्रजांना कैदेत टाकले. सुटका झाली १६६३ साली. तरी नुकसानभरपाईचे तुणतुणे कंपनीने सोडले नाही. १६७४ सालच्या तहाच्या बोलण्यांतही राजापूर होतेच. भांडवलाची स्मरणशक्ती किती दांडगी असते, हे आम्हांस वाटाघाटींच्या टेबलावर पुष्कळदा दिसले आहे.

वखारीचे म्हणून आज तेथे फारसे काही पाहण्याजोगे नाही. पाहावी ती नदी. डोंगरउतारावरची झाडी तुटली, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस उघड्या उतारावरची माती घेऊन खाली आला, आणि पात्र उथळ होत गेले. मोठी गलबते खाली जैतापूरकडेच थांबू लागली. मग भरतीच्या वेळी लहान होड्यांतून माल वर यायचा, आणि शेवटी तेही थांबले. आगबोटींच्या काळात या बाजूचा चाकरमानी मुंबईची बोट धरण्यास मुसाकाजीला किंवा जैतापूरला जाई. ज्या बंदरातून पूर्वी कापड जाई, त्या मुलखातून पुढे कापड विणणारी माणसेच गिरणगावात गेली, आणि १९८२ च्या संपानंतर त्यांतली कित्येक हात हलवीत परत आली. पात्र उथळ झाले म्हणून पाणी कमी झाले असे नव्हे. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली फुगल्या की पुराचे पाणी अजूनही जवाहर चौकात आणि बाजारपेठेत शिरते, आणि दुकानदार माल माडीवर चढवितात. नाव मात्र टिकून आहे: पंचा राजापुरी असतो, आणि सांगलीच्या बाजारात हळदही राजापुरी असते.

गावाजवळच उन्हाळे येथे गरम पाण्याचा झरा आहे. हातपाय दुखणाऱ्यांनी, म्हणजे आमच्या बहुतेक सभासदांनी, तेथे अर्धा तास जरूर काढावा. त्याच्या वर टेकडीवर राजापूरची गंगा. चौदा कुंडे आहेत. ती एरवी कोरडी असतात आणि एकाएकी भरून वाहू लागतात. साधारण तीन वर्षांनी येते असे जुने लोक सांगत. अलीकडे तो हिशेब राहिलेला नाही. भूशास्त्र जाणणारे याची उपपत्ती वक्रनलिकेने लावतात. जमिनीखालच्या पोकळीत पाणी साठत राहते. त्याची पातळी बाकदार वाटेच्या माथ्यावर गेली की ते वाहू लागते, आणि पोकळी रिकामी होईपर्यंत वाहते. रॉकेलच्या पिंपातून नळीने रॉकेल काढणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. कुंडावर हात जोडणाऱ्याने जोडावेत; दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. धूतपापेश्वराचे देऊळही जवळच, ओढ्याकाठी दाट सावलीत आहे. मे महिन्यात तेथला धबधबा रोडावलेला असतो, पण दुपारची शिदोरी सोडण्यास याहून चांगली जागा आम्हांस ठाऊक नाही.

निव्वळ पाहण्याचे म्हणाल तर आमच्या मते दाभोळ सरस आहे. समुद्र आहे, मशीद आहे, गुहेतली देवी आहे, आणि वाटेत दोन खाड्या ओलांडाव्या लागतात. जयगडहून तवसाळला एक फेरीबोट आणि गुहागर ओलांडल्यावर धोपाव्याहून दाभोळला दुसरी. ज्या पोराने बोट फक्त धक्क्यावरून पाहिली आहे त्याला याहून मोठी चैन नाही. पण वेळेचा हिशेब मांडा. अंतर शंभर किलोमीटरच्या वर, रस्ता वळणांचा, फेरीसाठी थांबणे आलेच. जाण्यास साडेचार तास धरले, तर परतीसह नऊ होतात. संध्याकाळची शेवटची फेरी चुकली, तर चिपळूणचा वळसा घालून मध्यरात्री घर. राजापूर सुमारे पासष्ट किलोमीटर. हातखंबा, पाली, लांजा करीत दोन तासांत माणूस पोहोचतो.

आणि येथे एका माणसाचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो म्हणजे गाडीचा चालक. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ सालच्या कायद्याने दिवसाला आठ तासांची साधारण मर्यादा घातली. हा कायदा फुकट मिळाला नव्हता. वर्षभर कामाच्या तासांसाठी भांडावयाचे आणि आपल्या सहलीच्या दिवशी दुसऱ्या एका कामगाराकडून नऊ तास गाडी हाकवून घ्यावयाची, हे कामगार दिनाच्या दिवशी तरी शोभणार नाही. सहलीला आलेला मनुष्य परतताना झोपतो. चालकाला झोपून चालत नाही. हातखंब्याच्या उतारावर रात्री काय होऊ शकते, हे रत्नागिरीकरांस सांगावयास नको.

म्हणून एका दिवसासाठी राजापूर, आणि दाभोळसाठी दोन दिवस, मुक्काम गुहागरला. जोडून सुट्टी येईल तेव्हा ते करावे, आणि पावसाळा टाळावा; समुद्र खवळला की फेरीचा भरवसा नसतो.

राजापूरला जाणाऱ्यांनी सकाळी सहाला निघावे, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी उन्हाळ्याचे स्नान होते. गंगा आली आहे की नाही याची चौकशी राजापूरच्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडे आदल्या दिवशी करून ठेवावी. आली असेल तर गर्दी धरून चालावे. बायकांच्या सोयीची व्यवस्था कोठे आहे हे गाडी ठरवितानाच विचारून घ्यावे, कारण हा प्रश्न पुरुषांच्या समितीला आपण होऊन सुचत नाही. दुपारी धूतपापेश्वर. उन्हे कलल्यावर बाजारातून फिरत नदीकाठी यावे. ओहोटीची वेळ असेल तर अधिक बरे; गाळ उघडा पडलेला असतो आणि गलबते का थांबली ते मुलांना बोटाने दाखविता येते. पंचा घ्यावयाचा असल्यास दुकाने बंद होण्यापूर्वी घ्यावा.