घडीची भिंत : माप आणि मोल



एकच सभागृह सकाळी बाह्यरुग्णांचे प्रतीक्षालय व दुपारी तपासणी शिबिराची जागा म्हणून वापरावयाचे, तर ते हवे तेव्हा विभागता आले पाहिजे. कापडी पडद्याने दृष्टी अडते, आवाज अडत नाही. चंद्रपूर-गडचिरोली भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. विवाहापूर्वी तपासणीस आलेल्या तरुण-तरुणींशी डॉक्टर जे बोलतात, ते पलीकडच्या बाकावर ऐकू जाता कामा नये. यास्तव विजेवर चालणाऱ्या घडीच्या भिंतीचा विचार करावा लागतो. ही वस्तू खर्चिक आहे. मात्र तिचा बराचसा खर्च इमारतीच्या नकाशावरच ठरत असतो.

ही भिंत म्हणजे बिजागरीने जोडलेल्या फळ्यांची रांग. फळ्या वरच्या रुळावर चाकांनी टांगलेल्या असतात आणि मोटर त्यांना ओढून एका टोकास घडी घालते. खर्च वाढतो तो क्षेत्रफळाने, फळ्यांच्या संख्येने आणि वाया जाणाऱ्या मालाने.

उदाहरण पाहू. बाजारातील प्लायवुडचा तक्ता सामान्यतः ८ फूट × ४ फूट, म्हणजे सुमारे २.४४ × १.२२ मीटर असतो. भिंतीची रुंदी ९.६ मीटर व उंची २.४ मीटर ठेवली, तर १.२ मीटरच्या ८ फळ्या होतात आणि दोन्ही बाजूंस मिळून १६ तक्ते पुरतात. रुंदी १० मीटर केली की ८ फळ्यांत प्रत्येकी १.२५ मीटर येते व तक्ता अपुरा पडतो. मग १ मीटरच्या १० फळ्या कराव्या लागतात : तक्ते २०, शिवाय दोन फळ्यांच्या बिजागऱ्या, चाके व रबरी पट्ट्या अधिक. ४० सेंटिमीटरसाठी एवढा भार! त्याऐवजी दोन्ही टोकांस २० सेंटिमीटरचे विटांचे खांब बांधणे केव्हाही स्वस्त.

उंचीचेही तसेच. दर चौरस मीटरला ३० किलो वजन धरल्यास वरील भिंत सुमारे ६९० किलो भरते, उंची ३.६ मीटर केल्यास तीच १,०३७ किलो होते. हा सर्व भार वरच्या तुळईवर येतो आणि तुळई वाकली की फळ्या अडकतात. म्हणून सरकती भिंत २.४ मीटरपर्यंतच ठेवून वरचा भाग पक्का बांधावा. तो छताच्या स्लॅबपर्यंत भिडवावा. अन्यथा खोट्या छतावरील पोकळीतून आवाज पलीकडे जातो. घडी बसण्यासाठी कोनाडाही आधीच राखावा.

बल्लारपूरच्या सागवानाची कीर्ती सर्वदूर आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या श्रीराम मंदिरासाठी ते येथून गेले. भिंतही सागाचीच करावी, अशी सूचना त्यामुळे स्वाभाविक ठरते. परंतु जंतुनाशकाने रोज पुसावयाच्या पृष्ठास लॅमिनेट सोयीचे. सागवान कडांच्या पट्ट्यांपुरते वापरावे.

मोटर हवीच का, हा प्रश्नही विचारावा. भिंत आठवड्यातून एकदा हलणार असेल, तर हाताने सरकणारी पुरेशी आहे. दिवसातून अनेकदा हलणार असेल, तर मोटर घ्यावी. मात्र अडथळा येताच थांबविणारी यंत्रणा, किल्लीचे बटण आणि वीज गेल्यास हाताने उघडण्याची सोय यांत काटकसर नको. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात अशा भिंतींत चिरडून शाळकरी मुले दगावल्यानंतर तेथील शाळांना सुरक्षासाधने कायद्याने बंधनकारक झाली.

धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. भिंतीत विनाकारण अडकलेला पैसा त्या खाटांच्या कामी येत नाही. म्हणून दरपत्रक मागविण्यापूर्वी मापपट्टी हाती घ्यावी, ही नम्र विनंती.