शहराचं 'मत' म्हणजे नेमकं कोणाचं मत?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप. बोलता बोलता फुटलेले फाटे छाटलेत, बाकी गप्पा त्याच आहेत.

आपल्या पेपरात एक ओळ नेहमी दिसते : 'महापालिकेने ठराव करून शासनाकडे पाठवला.' त्या ठरावाचं पुढे होतं काय, हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? आज हाच प्रश्न घेऊन आपण कॅलिफोर्नियात जाणार आहोत. तिथे मोठ्या शहरांनी या कामासाठी चक्क वेगळी यंत्रणा उभी केली आहे.

कॅलिफोर्नियाचं विधिमंडळ सॅक्रामेंटोला बसतं. असेंब्लीत ८० सदस्य, सिनेटमध्ये ४०. वर्षाला साधारण दोन हजार विधेयकं येतात. घरं, कर, पोलीस, बससेवा अशा कितीतरी गोष्टींतून ती थेट शहराच्या कारभाराला हात घालतात. पण तिथे शहराला मत नसतं! शहर फक्त आपलं म्हणणं मांडू शकतं. मग शहराच्या नावाने काय बोलायचं, हे आधी कोणीतरी ठरवायला हवं ना?

सॅन फ्रान्सिस्कोत हे काम 'स्टेट लेजिस्लेशन कमिटी' करते. तिच्यात मेयरच्या ऑफिसचा प्रतिनिधी, दोन सुपरवायझर (म्हणजे आपले नगरसेवक म्हणा), शिवाय सिटी अटर्नी, कंट्रोलर, ट्रेझरर आणि असेसर या कार्यालयांची माणसं बसतात. एखादं खातं विधेयक घेऊन येतं आणि सांगतं : अडचण काय आहे, विधेयक काय करू पाहतंय, शहराच्या तिजोरीवर किती भार पडेल, कोण बाजूने, कोण विरोधात. मग कमिटी भूमिका ठरवते, आणि सॅक्रामेंटोतले शहराचे लॉबिस्ट ती घेऊन आमदारांकडे जातात. थोडक्यात, भूमिका म्हणजे शहराच्या नावाने बोलायची परवानगी.

या भूमिका फक्त 'हो' आणि 'नाही' अशा दोनच नसतात. पाठिंबा, विरोध, नुसतं लक्ष ठेवणं, शिवाय 'दुरुस्ती केली तर पाठिंबा' आणि 'दुरुस्ती केली नाही तर विरोध'. खरी गंमत या शेवटच्या दोघांत आहे. 'आत्ता आहे तसं चालणार नाही, एवढं बदला, मग बोलू' – हा सरळ सरळ सौदा आहे. साफ विरोध केला की लेखक-आमदाराला तुमच्याशी बोलायचं फारसं कारण उरत नाही. अट घातली की दार किलकिलं राहतं.

आता एक खरं उदाहरण. एसबी ५०. सॅन फ्रान्सिस्कोचेच सिनेटर स्कॉट वीनर यांचं विधेयक. स्टेशनं आणि चांगली बससेवा असलेल्या रस्त्यांजवळ जास्त उंच, जास्त घरांच्या इमारतींना परवानगी द्यायची, स्थानिक नियम काहीही असोत. एप्रिल २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने ९ विरुद्ध २ मतांनी ठराव केला : दुरुस्ती नाही तर विरोध. आणि मेयर लंडन ब्रीड? त्यांचा विधेयकाला पाठिंबा! आता सांगा, शहराचं मत कोणतं? घरभाडं न परवडणाऱ्याला एक उत्तर हवं होतं, आपली वस्ती उखडली जाईल म्हणून धास्तावलेल्याला दुसरं. आणि दोघंही त्याच शहराचे.

त्याच महिन्यात लॉस एंजेलिसच्या काउन्सिलनेही १२ विरुद्ध ० असा विरोध नोंदवला. पुढे जानेवारी २०२० मध्ये वीनर यांनी दुरुस्ती आणली : शहरांना स्वतःची पर्यायी योजना करायला वेळ मिळेल. तरी ३० जानेवारीला सिनेटमध्ये १८ विरुद्ध १५ मतं पडली. बाजूने जास्त मतं असूनही विधेयक पडलं, कारण लागतात २१. म्हणजे जे आमदार गप्प बसले, त्यांचं मौनही विरोधातच मोजलं गेलं.

गोष्ट इथे संपत नाही. २०२५ मध्ये तोच विचार एसबी ७९ म्हणून परत आला. लॉस एंजेलिसने पुन्हा विरोध केला, पण या वेळी ८ विरुद्ध ५ असा. सिनेटच्या शेवटच्या मतदानात बरोबर २१ मतं मिळाली, एकही जास्त नाही, आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी सही केली. शहरांनी पर्यायी योजना करण्याची सोय मात्र याही कायद्यात आहे. म्हणजे हरलेल्या बाजूचं म्हणणंही कायद्यात कुठेतरी उरतं, पण ते वेळेत आणि नेमकं मांडलेलं असेल तर.

वेळेचं महत्त्व मोठं आहे. विधेयकं फेब्रुवारीपर्यंत मांडली जातात आणि उन्हाळाभर त्यांचा मजकूर बदलत राहतो. मार्चमधल्या मजकुरावर घेतलेली भूमिका ऑगस्टमध्ये लागू पडेलच असं नाही. म्हणून कमिटीला त्याच विधेयकाकडे पुन्हा पुन्हा बघावं लागतं.

आणि सामान्य माणूस? कॅलिफोर्नियात अशा नियमित बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी जाहीर करावाच लागतो, आणि कोणालाही तिथे बोलता येतं. सगळा वाद पुढे सॅक्रामेंटोत रंगतो, पण आपल्या शहराने काय म्हणावं हे त्याच्या कितीतरी आधी, अशा छोट्या खोलीत ठरून गेलेलं असतं.

तेव्हा 'ठराव करून पाठवला' ही ओळ पुन्हा वाचाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. ठरवलं कोणी? विधेयकाच्या कुठल्या मजकुरावर? आणि बदला म्हणजे नेमकं काय बदला?