गिअरबॉक्स उतरवण्याआधी

जुनी डिझेल ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना झटका देऊ लागली किंवा मध्येच स्लिप मारू लागली, की ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ हा निकाल फार लवकर लागतो. सायन-ट्रॉम्बे रस्त्याच्या आसपासच्या गॅरेजांत काय किंवा मोठ्या वातानुकूलित वर्कशॉपमध्ये काय, मालकाला ते वाक्य ऐकण्याची सवय झालेली असते आणि त्यापुढे तो फक्त आकडा विचारतो. माझे म्हणणे असे, की या दुरुस्तीतले खरे कौशल्य गिअरबॉक्स उघडण्यात कमी आणि तो कधी उघडायचा नाही हे ठरवण्यात जास्त आहे. गिअर नीट पडण्यासाठी लागणाऱ्या कितीतरी गोष्टी गिअरबॉक्सच्या बाहेर असतात, आणि जुन्या डिझेलमध्ये तर त्या अशा ठिकाणी असतात की तिथे पाहावे असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही.

मर्सिडीझच्या जुन्या गाड्यांवरून हे चांगले कळते. १२३ मालिकेतल्या आयात डिझेल गाड्या मुंबईत पूर्वीपासून होत्या. १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात १२४ मालिकेची ई-क्लास जुळवली जाऊ लागली, त्यात ई २५० डिझेलही होती. या पिढीच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये संगणक नाही. गिअर केव्हा बदलायचा हे ॲक्सिलरेटरला जोडलेली एक बारीक केबल सांगते, आणि तो किती जोरात बसवायचा हे व्हॅक्यूम सांगते. पेट्रोल इंजिनमध्ये हे व्हॅक्यूम इंजिनच्या श्वासातूनच मिळते. डिझेल इंजिनमध्ये हवेची वाट अडवणारी झडप नसते, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप बसवावा लागतो. त्याच पंपावर ब्रेकचा बूस्टर, १२३ मालिकेत दरवाज्यांचे सेंट्रल लॉक आणि चावी फिरवल्यावर इंजिन बंद करणारी यंत्रणा चालते. अशा गाडीत मागच्या दरवाज्यातल्या लॉकचा रबरी पडदा फाटला, तरी त्या गळतीने व्हॅक्यूम पडते आणि गिअर दणका देऊन बसतो. चावी काढल्यावरही इंजिन लगेच बंद होत नाही, असे मालक सहज बोलून जातो. ती तक्रार आणि झटक्याची तक्रार बऱ्याचदा एकाच फाटक्या रबराची असते. जाणता मिस्त्री म्हणून आधी मीटर लावतो, एकेक नळी चिमटीत दाबून बंद करतो आणि काटा कुठे स्थिर होतो ते पाहतो. गिअर उशिरा पडत असेल तर केबल, दणका असेल तर व्हॅक्यूम, आणि दोन्ही ठीक असताना खालून ‘धप्प’ असा आवाज येत असेल तर शाफ्टचे रबर कपलिंग किंवा इंजिनचे माउंटिंग: हा क्रम पाळला, तर पुष्कळ गाड्या गिअरबॉक्स न उघडताच सुधारतात.

त्यानंतर तेल. ट्रॉम्बेजवळच, माहुलला, हिंदुस्थान पेट्रोलियमच्या कारखान्यात वंगणांचे मूळ तेल तयार होते, आणि इथल्या हवेतला तेल-वायूचा वास रहिवाशांच्या नाकाला नवा नाही. तरीही जळलेल्या गिअर ऑइलचा वास या सगळ्यातून वेगळा ओळखता येतो: करपट, तिखट, कपड्यात राहणारा. मिस्त्री तेल मोजायची पट्टी काढतो, पांढऱ्या कागदावर टेकवतो, रंग पाहतो आणि नाकाजवळ नेतो. लालसर असेल तर आशा. तपकिरी आणि करपट असेल तर क्लच प्लेटा जळल्या आहेत. गुलाबी दुधासारखे असेल तर रेडिएटरचे पाणी आत शिरले आहे. ही तपासणी वरवर क्षणभराची दिसते, पण तिची अट कडक आहे: तेल ८० अंशांवर असायला हवे, गाडी सपाट जागी, इंजिन चालू, गिअर ‘पी’मध्ये. पट्टीवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत जेमतेम ३०० मिलीलिटरचे अंतर आहे. थंड तेल पट्टीवर खाली दिसते, म्हणून सकाळी गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीत कोणी भर घातली, तर ८० अंशांवर ते तेल जास्त ठरते. मग फिरते भाग त्याला घुसळतात, फेस होतो, दाब पडतो आणि गाडी स्लिप मारू लागते. म्हणजे उपाय म्हणून केलेल्या कामातून नवा बिघाड जन्मतो, आणि दोष गिअरबॉक्सला लागतो. ८० अंश गाठायला चेंबूरहून ईस्टर्न फ्रीवेवर जाऊन यावे लागते. पण तिथे गाडी वरच्या गिअरमध्ये निवांत धावते. दुखणे उघडे पडते ते परत येताना, देवनार-मानखुर्दच्या सिग्नलवर. ट्रायल या दोन्ही रस्त्यांवर व्हायला हवी.

यावर एक जुना आक्षेप आहे: घाण तेलच जुन्या प्लेटांना धरून ठेवते, नवे ओतले की गिअरबॉक्स बसतो. तो पूर्ण खोटा नाही. प्लेटांचे अस्तरच झिजून तेलात मिसळले असेल, तर नवे तेल त्यांना वाचवू शकत नाही. पण तो गिअरबॉक्स आधीच संपलेला असतो. तेल बदलल्याने ते फक्त दिसून येते. ज्या गाडीचे तेल जुने आहे पण करपलेले नाही, तिला हा धाक दाखवून तसेच चालवत ठेवणे हेच तिचे नुकसान आहे. ‘या गिअरबॉक्सला आयुष्यभर तेल बदलायचे नाही’ असे १९९६ साली आलेल्या पाच गिअरच्या मर्सिडीझ ऑटोमॅटिकबद्दल सुरुवातीला सांगितले गेले, आणि नंतर तो सल्ला बदलला. त्या गिअरबॉक्सला तर मालकाने तपासायची पट्टीच ठेवलेली नाही, नळीवर कुलूपबंद टोपण आहे आणि पट्टी वर्कशॉपच्या हत्यारांत. मालकाच्या हातून तपासणी काढून घेतल्यावर त्याच्या निष्काळजीपणाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

दुसरा आक्षेप स्कॅनरचा. यंत्र लावले की दोष कळतो, मग नळ्या दाबत कशाला बसायचे? चार गिअरच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये स्कॅनरला विचारायला काही नाही. पाच गिअरच्या गाडीत कोड येतो, पण त्याचा अर्थ माणसालाच लावावा लागतो. त्या गिअरबॉक्सच्या तेरा पिनांच्या प्लगचे रबर सुकले, की तेल वायरींच्या आतून वर चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचते. गाडी दुसऱ्या गिअरमध्येच अडकते, कोड गिअरबॉक्सकडे बोट दाखवतो, आणि बदलायचा असतो तो एक लहानसा प्लग. वायर सोलून तेल बोटाला लागते का, हे पाहणारा मिस्त्री इथे यंत्रापेक्षा भरवशाचा ठरतो.

मग तपासणी इतकी उपयोगी असेल, तर ती वगळली का जाते? कारण तिचे पैसे कोणी देत नाही. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी ठरलेली आहे; दुपारभर नळ्या दाबून ‘काही नाही, एक रबर गेले होते’ म्हणणाऱ्याला मालक रबराची किंमत देऊन निघून जातो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर उतरवलेले गिअरबॉक्स मिळतात, त्यातला एक आणून बसवणे मिस्त्रीला सोपे आणि किफायतशीर पडते. यात मिस्त्रीचा लोभ मला तितकासा दिसत नाही, आपल्या पैसे देण्याच्या पद्धतीचा दोष अधिक दिसतो.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे: या गाड्या ठेवायच्याच कशाला? २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातली पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, याचा अभ्यास करायला सांगितले. चेंबूर-ट्रॉम्बेच्या माणसाला हवेबद्दल कोणी शिकवायची गरज नाही, आणि काळा धूर ओकणारी गाडी रस्त्यावर नको, हे मलाही मान्य आहे. पण गाडी मोडीत काढायची, तर तिच्या धुरामुळे, वयामुळे, कायद्यामुळे काढावी. फाटलेल्या व्हॅक्यूम नळीमुळे नको. आणि जोवर ती रस्त्यावर आहे, तोवर उशिरा गिअर टाकणारी गाडी जास्त डिझेल पिते, हेही लक्षात घ्यावे.

म्हणून मालकांना एवढीच विनंती. गाडी गॅरेजमध्ये टाकताना तपासणीची मजुरी वेगळी द्या, आणि बिलावर दोन गोष्टी लिहून मागा: तेल पाहिले तेव्हा ते ८० अंशांवर होते का, आणि व्हॅक्यूमचा काटा किती होता. या दोन उत्तरांआधी ‘उतरवा’ म्हणू नका.