उद्योजकांसोबत काम करायचंय? बीडच्या पदवीधरांसाठी काही खुलासे

पदवी हाती आली की बीड, गेवराई, अंबाजोगाईतली कितीतरी मुलं-मुली अभ्यासिकेत जागा धरतात. त्यातल्या काहींना मनापासून छोट्या उद्योजकांच्या पाठीशी उभं राहायचं असतं. ऊसतोडीसाठी दरवर्षी स्थलांतर होणाऱ्या जिल्ह्याला अशा माणसांची फार गरज आहे. पण त्या वाटेबद्दल ऐकीव माहितीच जास्त फिरते.

गैरसमज: जिल्हा उद्योग केंद्रासाठी कोणतीही पदवी चालते.

चालत नाही. लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जाणाऱ्या उद्योग निरीक्षक पदाला विज्ञानाची पदवी किंवा स्थापत्य सोडून अन्य अभियांत्रिकीची किमान पदविका लागते. बीए, बीकॉमवाल्यांनी वर्षं घालवण्याआधी जाहिरातीतली अर्हता वाचावी.

गैरसमज: मग बाकीच्यांना वाटच नाही.

आहे, आणि ती गावातून सुरू होते. महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम 1975 पासून काम करतं, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र 1988 पासून, तर ग्रामीण जीवनोन्नतीचं ‘उमेद’ अभियान 2011 पासून. माविमच्या लोकसंचालित साधन केंद्रात सहयोगिनी किंवा व्यवस्थापक, ‘उमेद’मध्ये प्रभाग समन्वयक, मग तालुका आणि जिल्हा पातळीवरची जबाबदारी, असं वर जाता येतं. यातली बरीचशी पदं कंत्राटी असतात, हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगावं. एमबीए असेल तर उत्तम, पण बचत गटाचं दप्तर वाचता येणं त्याहून जास्त उपयोगी पडतं, असं माझं ठाम मत आहे.

गैरसमज: अधिकारी कर्ज मंजूर करतो आणि अनुदान हातात देतो.

सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीने होतं. उद्योग केंद्र अर्ज तपासून पुढे पाठवतं. पैसे द्यायचे की नाही हे बँक ठरवते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेचा 10 लाखांचा प्रकल्प धरा. तिचा स्वतःचा हिस्सा 5 टक्के, म्हणजे 50 हजार. अनुदान 35 टक्के, म्हणजे साडेतीन लाख. पण ते तिच्या हातात पडत नाही. बँकेत तिच्या नावे तीन वर्षं मुदत ठेवीत राहतं आणि युनिट सुरू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात जमा होतं. हे आधी समजावलं नाही, तर ती बाई अनुदानाच्या भरवशावर उधारी करून बसते.

खरं कौशल्य लागतं ते प्रकल्प अहवालात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, बालाघाटच्या डोंगरात ते भरपूर पिकतं, म्हणून गर काढण्याचा उद्योग अनेकांना सुचतो. फळ मात्र पावसाळा सरता सरता येतं आणि दोन-अडीच महिन्यांत संपतं. सगळी खरेदी तेवढ्यात रोखीने, विक्री पुढे वर्षभर, आणि तोवर गर उणे 18 अंशांच्या आसपास गोठवून ठेवायचा. अहवालात नुसती यंत्रांची किंमत असेल आणि खेळतं भांडवल, वीजबिल, जनरेटर यांचा हिशेब नसेल, तर कर्ज मंजूर होऊनही युनिट पहिल्याच हंगामात अडकतं. हे प्रश्न विचारणारा माणूस अर्जदाराच्या बाजूला बसलेला हवा.

गैरसमज: हे काम सरकारी नोकरीतच होतं.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 साली आलेल्या केंद्राच्या योजनेने अर्जदारांच्या मदतीला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमायची पद्धत आणली. त्यांना पगार नाही. कर्ज मंजूर झालेल्या प्रत्येक प्रकरणामागे 20 हजार रुपये मानधन ठरलं. त्यातलं निम्मं मंजुरीनंतर. उरलेलं निम्मं जीएसटी आणि उद्यम नोंदणी, अन्नसुरक्षेच्या मानकांची पूर्तता, प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष उभारणी झाल्यावरच. राज्यात ही योजना कृषी विभागाकडे असल्याने चौकशी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात करावी आणि योजनेची सध्याची मुदत तिथेच विचारून घ्यावी.