सुरीपासून मागे : डोंगरातल्या शिकारीची हत्यारं

मागच्या लेखांकात आपण वारा आणि वास यांचा विचार केला : स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये तांबड्या हरणाच्या जवळ जायचं, तर डोंगराची कुठली कूस धरायची आणि कुठली टाळायची. आता हत्यारांकडे वळू. या विषयावरची बहुतेक चर्चा रायफलीपासून सुरू होते. कुठलं काडतूस, किती वेग, किती पल्ला हे आधी ठरतं आणि शेवटी जाताजाता एखादी बरी सुरी घ्यावी, असा सल्ला येतो. माझ्या मते हा क्रमच चुकीचा आहे. आधी सुरीचं काम समजून घ्यावं आणि तिथून मागे येत गोळी, काडतूस, रायफल आणि अंतर ठरवावं. चाप ओढल्यावर शिकार संपत नाही. जनावर किती लवकर मेलं आणि त्याचं मांस माणसाच्या ताटात जाण्याजोगं उरलं का, हे सुरी हातात घेतल्यावर कळतं. या दोन कसोट्यांवर उतरत नाही ते हत्यार कितीही नावाजलेलं असलं तरी डोंगरात कामाचं नाही.

इथे मराठी वाचकाच्या मनात पहिला आक्षेप येईल तो हत्यारांबद्दलचा नसेल. मुळात मारायचंच कशाला, असं तो विचारेल. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि ते योग्यच झालं. आपल्या जंगलांत सांबर-चितळांना खाणारे वाघ, बिबटे आणि रानकुत्रे अजून आहेत. स्कॉटलंडची गोष्ट वेगळी आहे. तिथला शेवटचा लांडगा संपून तीनशे वर्षांच्या आसपास झाली, लिंक्स तर त्याच्याही कितीतरी आधी गेला. मोठ्या हरणाला खाणारा कुणीच उरला नाही. सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाने २०२० साली दिलेल्या अहवालात सगळ्या जातींची मिळून हरणं दहा लाखांच्या घरात असावीत, असा अंदाज आहे. एवढी तोंडं चरायला लागली की पाइन आणि बर्चची रोपं गुडघ्याएवढीही वाढत नाहीत. क्रेग मेगीचा डोंगर १९८५ मध्ये निसर्ग-राखीव म्हणून घेतला, तिथे कुंपण न घालता फक्त हरणांची संख्या कमी केली आणि उतारांवर बर्चचं रान आपोआप परत आलं. तेव्हा तिथे हरणं दरवर्षी मारली जाणार, हे ठरलेलं आहे. ती कशी मारली जातात, एवढंच माणसाच्या हातात उरतं. म्हणूनच हत्याराची निवड मला केवळ हौशी माणसाचा प्रश्न वाटत नाही. तो नीतीचा प्रश्न आहे.

आता सुरीचं काम जवळून पाहू. पडलेल्या हरणाची आतडी-पोट जागच्या जागी काढण्याला तिथे ‘ग्रॅलॉक’ म्हणतात. गेलिक भाषेत आतड्यांना ‘ग्रेअलॅख’ म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. मराठीत ‘कोथळा काढणं’ म्हटलं की प्रतापगड आठवतो, पण इथे तेच काम अतिशय शांतपणे आणि हळुवार हाताने करायचं असतं. आधी मानेच्या मुळाशी, छातीच्या हाडाच्या वर सुरी घालून मोठ्या रक्तवाहिन्या कापतात, म्हणजे रक्त निथळून जातं. मग श्वासनळीपासून अन्ननलिका सोडवून तिला गाठ मारतात, नाहीतर पोट ओढून काढताना अर्धवट चावलेला हिरवा चारा छातीच्या पोकळीत सांडतो. त्यानंतर पोटाच्या कातडीला बोटभर चीर द्यायची, तिच्यात डाव्या हाताची दोन बोटं घालून आतलं फुगलेलं जठर खाली दाबून धरायचं आणि त्या दोन बोटांच्या मधून, धार वरच्या बाजूला ठेवून, सुरी पुढे सरकवायची. टोक अर्धा इंच जरी खाली गेलं तरी जठर फुटतं, त्यातला आंबलेला चारा मांसाला लागतो आणि वास हाताला दोन दिवस राहतो. शेवटी आतड्यांच्या पडद्यातल्या लसिका-ग्रंथी, यकृत आणि फुफ्फुसं नीट पाहायची. सूज, पू किंवा गाठी दिसल्या, तर ते मांस विक्रीला जाऊ द्यायचं नाही. हे सगळं उतारावर गुडघे टेकून, पावसात आणि बधिर बोटांनी करायचं असतं. माद्या मारण्याचा हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी असतो, आणि त्यातल्या ऐन हिवाळ्यात चार वाजता अंधारून येतं.

एवढं डोळ्यांसमोर आणलं की सुरी कशी हवी, यावर फारसा वाद उरत नाही. पातं साडेतीन ते चार इंचांचं असावं. त्याहून लांब पात्याचं टोक पोटाच्या आत कुठे आहे, हे बोटांना कळत नाही. पातं सरळ आणि घडी न होणारं असावं, धारेला करवतीसारखे दाते नसावेत, टोक फार अणकुचीदार नसावं. मूठ प्लास्टिकची किंवा रबराची आणि शक्यतो नारिंगी रंगाची असावी, कारण तपकिरी हेदरच्या झुडपांत खाली ठेवलेली काळ्या मुठीची सुरी संधिप्रकाशात सापडत नाही. स्वीडनमधल्या मोरा गावच्या साध्या, स्वस्त सुऱ्या या सगळ्या अटी पूर्ण करतात. मग शिंगाच्या मुठीची, कोरीव पितळी टोपणाची पारंपरिक सुरी का नको? ती सुंदर असते आणि तिच्यामागे कारागिराचे कष्ट असतात, हे मला मान्य आहे. पण शिंगाच्या आणि लाकडाच्या बारीक रेषांत रक्त आणि चरबी मुरते, ती उकळत्या पाण्याने निघत नाही आणि पुढच्या हरणाच्या मांसाला लागते. चामड्याच्या म्यानाचंही तेच. घडीच्या सुरीची बाजू घेणारे म्हणतात की ती खिशात मावते, आणि ब्रिटनमधल्या कायद्यात तीन इंचांपर्यंतच्या साध्या घडीच्या सुरीला सार्वजनिक ठिकाणी मुभा आहे. पण साध्या घडीच्या सुरीला खटका नसतो, म्हणून ओल्या हातात ती मिटून बोटांवर येऊ शकते. खटका असला की कायद्याची मुभा जाते आणि बिजागरीत रक्त साठतं ते साठतंच. सरळ पात्याची सुरी नेण्यासाठी सबळ कारण लागतं. शिकारीच्या दिवशी ते कारण असतं, आणि एरवी सुरी घरीच असावी.

आता उघडलेल्या हरणापासून गोळीकडे मागे येऊ. गोळी फुफ्फुसांतून किंवा हृदयातून गेली असेल तर छातीची पोकळी रक्ताने भरलेली असते आणि पोटाकडचा भाग स्वच्छ असतो. हातभर मागे लागली असेल, तर जठर फाटलेलं असतं. असं जनावर मैलभर पळून, तासन्‌तास तडफडून मेलेलं असण्याचा संभव मोठा आणि त्याचं बरंचसं मांसही वाया गेलेलं असतं. म्हणजे दयेची आणि स्वच्छतेची मागणी एकच आहे : गोळी योग्य जागी लागावी आणि तिथे पसरावी. कायद्याची भाषाही हीच आहे. स्कॉटलंडच्या १९८५च्या आदेशानुसार तांबड्या हरणासाठी गोळी आघातानंतर पसरणारी हवी, नळीच्या तोंडाशी तिचा वेग सेकंदाला किमान २,४५० फूट आणि ऊर्जा किमान १,७५० फूट-पाउंड हवी. वजनाची अट पूर्वी १०० ग्रेनची होती, ती २०२३ मध्ये ८० ग्रेनवर आली. हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. शिशाची गोळी हाडावर आपटली की तिचे कण जखमेपासून दूरपर्यंत मांसात पसरतात. ते क्ष-किरणांत दिसतात, सुरीला सापडत नाहीत. डोंगरावर सोडलेली आतडी खाणाऱ्या सोनेरी गरुडांच्या पोटातही ते जातात. म्हणून तांब्याच्या गोळ्या आल्या आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने शिशाच्या दारूगोळ्यावर निर्बंध आणण्याचं जाहीर केलं. पण तांबं शिशाहून हलकं असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि लांब गोळीला स्थिर ठेवायला नळीतले आटे अधिक घट्ट पिळाचे लागतात. ‘.२४३’ काडतुसाच्या जुन्या रायफलींत दहा इंचांत एक फेरा असतो, त्यातून १०० ग्रेनची तांब्याची गोळी नीट फिरत नाही. वजनाची अट ८० ग्रेनवर आणल्यामुळे या रायफली बाद होण्यापासून वाचल्या. ऊर्जेची अट मात्र कायम आहे, म्हणजे ८० ग्रेनच्या गोळीला साधारण ३,१४० फुटांचा वेग गाठावाच लागतो. आखूड नळीच्या रायफलीला ते जड जातं. म्हणून नवी रायफल घेणाऱ्याने ‘.२४३’वर थांबू नये, असं माझं मत आहे.

मग घ्यावं काय? ‘६.५ × ५५ स्वीडिश’, ‘.२७० विंचेस्टर’ किंवा ‘.३०८ विंचेस्टर’, यांपैकी कुठलंही. यांच्यात आपापसांत जो फरक आहे त्यावर लोक संध्याकाळच्या संध्याकाळ घालवतात, पण हरणाला तो फरक कळत नाही. ‘.३०८’ची १५० ग्रेनची गोळी २,८०० फुटांच्या वेगाने निघाली की तिच्यात २,६०० फूट-पाउंड ऊर्जा असते. कायद्याच्या किमान अटीच्या ती जवळजवळ दीडपट भरते. ‘मॅग्नम’ काडतुसांचे पुरस्कर्ते म्हणतात, जास्त ताकद हाताशी असली तर काय बिघडतं, नेम थोडा चुकला तरी ती सांभाळून घेईल. हा युक्तिवाद मोहक आहे, पण जठरात लागलेली गोळी कितीही ताकदीची असो, जठरातच लागलेली असते. उलट ‘.३०० विंचेस्टर मॅग्नम’चा खांद्याला बसणारा धक्का ‘.३०८’च्या सुमारे दीडपट असतो. वर्षातून मोजक्या गोळ्या झाडणारा माणूस त्या धक्क्याच्या धास्तीने चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि नेम तिथेच हलतो. शिवाय जवळून लागलेली अतिवेगवान गोळी पुढचे दोन्ही खांदे रक्ताळून टाकते. सुरीच्या बाजूने पाहिलं तर ते कित्येक किलो वाया गेलेलं मांस असतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजच्या दुर्बिणी आणि अंतरमापक पाहता चारशे यार्डांवरून अचूक मारा होऊ शकतो, मग हेदरमध्ये पोटावर सरपटत जवळ जाण्याचा हट्ट कशाला? सरावाच्या मैदानावर हे खरं आहे. डोंगरात नाही, आणि त्याचं कारण आहे वारा. ताशी दहा मैलांचा आडवा वारा ‘.३०८’सारख्या गोळीला शंभर यार्डांवर इंचभरही ढकलत नाही. दोनशेवर तीन इंच, तीनशेवर सात-आठ इंच ढकलतो. अंतर तिप्पट झालं की चूक आठपट होते. दरीच्या या काठावर वारा एका दिशेचा, मधल्या घळीत दुसऱ्या आणि हरणापाशी तिसऱ्याच दिशेचा असतो, आणि ते कुठलंही यंत्र पूर्णपणे सांगत नाही. हरणाच्या छातीतला प्राणघातक भाग मोठ्या ताटाएवढा असतो, म्हणजे सात-आठ इंचांची चूक गोळीला थेट जठरात नेते. उताराच्या कोनाबद्दल मात्र उगाच भीती घातली जाते. तीस अंशांच्या उतारावर दोनशे यार्डांवरचं हरीण गोळीच्या हिशेबाने १७३ यार्डांवर असल्यासारखं असतं. नेम वर मारा किंवा खाली, गोळी किंचित उंच लागते आणि या अंतरावर तो फरक नगण्य आहे. खरा विचार गोळी कुठून बाहेर पडणार, याचा करावा लागतो. वरून मारताना ती पाठीजवळून शिरून छातीतून तिरकी खाली यायला हवी. हरणाच्या मागे मातीचा डोंगर हवा, आभाळ नको, कारण चुकलेली गोळी कित्येक किलोमीटर जाते.

रायफलीच्या बांधणीबद्दल थोडंच सांगायचं आहे. दिवसभर चढायचं असतं म्हणून हलकी हवी, पण इतकीही हलकी नको की धापा टाकणाऱ्या छातीबरोबर तीही हलेल. दुर्बिणीसह चार किलोंच्या आसपासची बोल्टची रायफल आणि पावसाने न फुगणारा कृत्रिम दस्ता, हे बहुतेकांना मानवतं. सायलेन्सर घ्यावा. त्याने अर्धा किलो वाढतो, पण धक्का कमी होतो आणि कानही वाचतात. ही माफक ताकदीची शहाणी परंपरा भारतीय वाचकाला अनोळखी नाही. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ साली मारल्यानंतर जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल ‘.२७५ रिग्बी’ची होती. ते म्हणजे जर्मन ‘७ × ५७ माउझर’ काडतूसच, आणि स्कॉटलंडच्या डोंगरांत हरणांसाठी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं आहे. कुमाऊंच्या डोंगरांतही त्याने काम केलं, कारण कॉर्बेट जवळ जात.

हरीण खाली आणल्यावर ते मांसघरात मागच्या पायांनी उलटं टांगतात आणि वजन करून त्याला चिठ्ठी लावतात. तिच्यावर तारीख, जागा आणि तपासणीत काही वावगं आढळलं का, याची नोंद प्रशिक्षित शिकाऱ्याच्या सहीने होते. जाणता स्टॉकर, म्हणजे हरणाचा माग काढत जवळ जाणारा शिकारी, त्या वेळी रायफलीकडे पाहतही नाही. तो फासळ्यांवरून हात फिरवतो, गोळी शिरल्याची आणि बाहेर पडल्याची जागा बोटाने चाचपतो, पोकळीत वाकून हिरवा डाग कुठे आहे का ते पाहतो आणि मग पुढच्या टांगलेल्या हरणाकडे वळतो.